तिसरा रकाना

२ एप्रिल २००७, सोमवार

ही डायरी बाबांच्या युनियनची. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी टीव्हीखाली कोरीच पडून राहते. यंदा मी मागून घेतली. मराठीत लिहिणार आहे. इथे हिंदी मुलखात, शाळेत कुणाच्या हाती पडली तर अक्षरं लागतील, अर्थ लागणार नाही.

शाळा म्हटलं, कारण आजपासून मी शिक्षिका आहे. जवाहर नगरची इंग्रजी शाळा, तिसरी ब. तीन महिने तात्पुरती, मग कायम. इंगळ्यांच्या घरात पदवीच पहिली, तेव्हा नोकरीचं काय सांगावं. आईने सकाळी पाच वाजता शिरा केला. बाबा रात्रपाळी करून आले होते तरी झोपले नाहीत, मला बसपर्यंत सोडायला आले.

उपप्राचार्या माथुर मॅडम. पन्नाशीच्या, सुती साडी, एकही केस विस्कटलेला नाही. त्यांचं इंग्रजी ऐकत राहावं असं आहे. त्यांनी मला शाळेची पद्धत समजावली. स्टाफरूमच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे, छोटं कुलूप लावलेली. प्रत्येक शिक्षकाने रोज घरी जाण्याआधी तीत निदान एक चिठ्ठी टाकायची: आज कुणाच्या तोंडून कोणतं चुकीचं इंग्रजी ऐकलं, किती वाजता, जसंच्या तसं. मुलांचं, शिक्षकांचंही. मॅडम त्या घरी नेऊन रजिस्टरमध्ये उतरवतात. तीन रकाने: नाव, बोललेलं वाक्य, शुद्ध वाक्य. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते सगळ्यांसमोर वाचलं जातं.

मला ही पद्धत फार आवडली. चूक तोंडावर सांगणारं कुणी मिळालं असतं, तर मुलाखतींत दोन वर्षं गेली नसती. आमच्या वस्तीतल्या मुलांना हेच तर मिळत नाही.

तात्पुरत्या शिक्षकाच्या पाच नोंदी झाल्या की निरोप. माझ्या आधीच्या बाई पाचव्या नोंदीला गेल्या, असं हिंदीचे मनोहरजी म्हणाले. ते स्टाफरूममध्ये बोलतच नाहीत. मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, “मैं तो बारह साल से मौनव्रत पे हूँ, बेटा. पेंशन तक निभ जाए बस.”

मी हसले. घरी आल्यावर हसू येईना.

५ एप्रिल, गुरुवार

पहिली नोंद. मी ‘प्रीपोन’ म्हणाले होते. पीटीचा तास आधी घेता येईल का, एवढंच विचारायचं होतं. मॅडमकडे एकशे बारा चुकीच्या शब्दांची छापील यादी आहे, त्यात हा सोळावा. यादी मी बसमध्ये पाठ करते. आउट ऑफ स्टेशन चूक. कझिन ब्रदर चूक. गुड नेम चूक. हे सगळं आम्हाला कॉलेजात शिकवणारे प्राध्यापकही म्हणत होते.

प्रार्थनेत माझं नाव वाचलं तेव्हा माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडे वळून बघत होती. उभं राहायचं कसं, हात कुठे ठेवायचे, तेच कळेना.

८ एप्रिल, रविवार

बाबांचा डबा घेऊन रेल्वे फाटकावर गेले. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या पलीकडे, सीकरच्या लाइनवर त्यांची ड्यूटी आहे. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय ‘रेल्वेत नोकरी’ असा लिहिला आहे. ते खरंच आहे.

मी असतानाच केबिनमधला फोन वाजला. स्टेशन मास्तर काहीतरी म्हणाले. बाबांनी ते सगळं परत म्हणून दाखवलं, फाटक बंद केलं, आणि फोनवर सांगितलं, “गेट क्लोज करके दिया, नंबर सैंतालीस.” पलीकडच्याने तेही परत म्हटलं. हा नंबर म्हणजे खूण, फाटक खरंच बंद झाल्याची. मी म्हटलं, “बाबा, क्लोज नाही, क्लोज्ड. आणि अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी कशाला?”

ते मान डोलावून म्हणाले, “हाव.”

संध्याकाळी क्वार्टरसमोर शेजारचे शर्माजी भेटले. बाबा त्यांना मोठ्या आनंदाने सांगत होते, “माय डॉटर इज डुइंग टीचर.” मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. शर्माजी हसले, बाबाही हसले. जेवताना ते फारसे बोलले नाहीत. रात्रपाळ्या फार लागतात त्यांना.

११ एप्रिल, बुधवार

आज वर्गातल्या मूमलबद्दल चिठ्ठी टाकली. आमेरहून बसने येते. वडिलांचं आमेरला लाखेच्या बांगड्यांचं दुकान आहे, शाळेचं तोंड पाहणारी घरातली ही पहिलीच. दोन वेण्या, सतत काहीतरी सांगायची घाई. “मॅम, माय दादी इज हॅविंग वन पॅरट, ही इज टॉकिंग लाइक मॅन ओन्ली!” पोपटाची सगळी गोष्ट वर्गाने डोळे विस्फारून ऐकली. मीही ऐकली. मग चिठ्ठी लिहिली.

शिक्षकांविरुद्ध लिहायला भीती वाटते, तेही माझ्याविरुद्ध लिहितील. मोठ्या वर्गातल्या मुलांना कळतं कुणी लिहिलं ते. मूमलच्या बोलण्यात रोज काहीतरी मिळतंच. हे तिच्या भल्यासाठीच आहे, असं मी मनाशी म्हटलं. नंतर उगाचच पाणी प्यायले.

१४ एप्रिल, शनिवार

बाबासाहेबांची जयंती, सुट्टी. कॉलनीच्या हॉलमध्ये मला भाषण करायला सांगितलं होतं. चार वाक्यं मराठीत, चार हिंदीत. दोन्हींत मध्येच थांबले. प्रत्येक वाक्य तोंडातून निघण्याआधी मी ते आतल्या आत तपासत होते. आई म्हणाली, “कॉलेजात तर किती फडाफडा बोलत होती वं तू.”

१८ एप्रिल, बुधवार

तिसरी नोंद झाली आहे.

आज धीर करून शब्दकोश घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले. चौडा रास्त्यावरून मागच्या वर्षी घेतलेला, चांगला जाडजूड, विलायतेत छापलेला. त्यात ‘प्रीपोन’ आहे. समोर लिहिलं आहे, भारतात वापरतात. मी विचारलं, शंभर कोटींच्या देशात सगळे वापरतात, सगळ्यांना समजतं, कोशातही आहे. मग तो चुकीचा ठरवतं कोण?

मॅडम पान बघत राहिल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, शब्दकोश हल्ली कुणालाही आत घेतात, आपली शाळा घेत नाही. आवाज शांत होता, पण पेनचं टोपण काढून परत लावलं, परत काढलं. संचालकांच्या खोलीत कुणी हे शब्द वापरून बघावेत, असंही म्हणाल्या.

त्यांच्या टेबलावर एक चार रेघी वही उघडी होती. एकच वाक्य दहा वेळा, सुंदर अक्षरात. संचालकांच्या बैठकीत म्हणावं तसलं लांबलचक, नम्र वाक्य. वर आजची तारीख. कुणा मुलाला शिक्षा म्हणून लिहायला दिलं असावं. माझं लक्ष गेलेलं पाहून त्यांनी वही मिटली. मुलांसाठी किती कष्ट घेतात या बाई, आणि मी त्यांच्याशी वाद घालत होते.

२० एप्रिल, शुक्रवार

मूमल हल्ली हात वर करत नाही. आठवड्यात तिच्या सहा नोंदी वाचल्या गेल्या, त्यातल्या पाच माझ्या. आज तिला बाहेर जायचं होतं तर माझ्या टेबलाशी येऊन ओठ हलवत उभी राहिली, आधी मनात जुळवत होती. जुळेना. जागेवर जाऊन बसली. पुढे जे व्हायचं ते झालं. मुलं हसली.

मावशींनी बाक पुसला. मूमल रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी लिहिते आहे खरी, पण हे कुणाला सांगू शकणार नाही.

२४ एप्रिल, मंगळवार

चौथी नोंद. ‘डिस्कस अबाउट’. शब्द तोंडातून गेल्यावरच कळलं. स्टाफरूममध्ये पाच जण होते, पाचांनी लिहिलं असणार.

आणखी एक, की संपलं. आईने कॉलनीभर सांगितलंय. बाबांनी माझ्या नावाचा पहिला पगार आल्यावर सगळ्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं ठरवलंय, पास काढायचा अर्जही केला आहे. आज बसमध्ये कंडक्टरने “कहाँ जाना है” विचारलं आणि क्षणभर मला जवाहर नगर हा शब्दच सापडेना.

उद्यापासून फक्त लागेल तेवढंच बोलायचं. मनोहरजींसारखं.

२५ एप्रिल, बुधवार

क्रमाने लिहिते.

आमेरची बस सकाळी सातला आली. बसमध्ये मुलांना उतरवणारी बाई आज आली नव्हती, शाळेने बदली कुणी दिलं नव्हतं. ड्रायव्हर सुखदेवजी एकटेच. त्यांनी मुलांना रस्ता ओलांडून दिला आणि बस मागच्या मैदानात नेऊन लावली. तिथे सावली नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी मी हजेरी घेत होते. माथुर मॅडम दारात उभ्या होत्या, सकाळची फेरी. मूमल माझ्याकडे आली. दप्तरही उतरवलं नव्हतं. म्हणाली, “मॅम, वन गर्ल इज देअर ओन्ली इन बस, स्लीपिंग ओन्ली.”

मी ऐकलं. अक्षर न् अक्षर ऐकलं. पण मॅडम दारात होत्या, माझ्या चार नोंदी झाल्या होत्या, आणि मला त्या वाक्यात फक्त दोन ‘ओन्ली’ ऐकू आले. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, पुन्हा सांग, शुद्ध, पूर्ण वाक्यात.

तिने तोंड उघडलं. ओठ हलले. मॅडमकडे बघितलं. मग म्हणाली, “नथिंग, मॅम.” आणि जागेवर जाऊन बसली. खिडकीबाहेर मैदानाकडे बघत राहिली.

मॅडमनी मला मान डोलावून दाद दिली. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. बरं वाटलं.

छोट्या सुट्टीत मी चिठ्ठी लिहिली. मूमल, तिसरी ब, सात वाजून पाच मिनिटं, आणि तिचं वाक्य, जसंच्या तसं. पेटीत टाकली. तेव्हा नऊ वाजायला आले होते.

सव्वानऊला मैदानातून ओरडणं ऐकू आलं. सुखदेवजी बसमध्ये फडकं आणायला गेले होते. मागच्या सीटखाली केजीतली मयूरी. खिडक्या बंद. त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेऊन धावत आणलं. तिचा फ्रॉक पाण्यातून काढल्यासारखा भिजलेला होता आणि मान लटकत होती. आठवणीतून ती मान जात नाही.

दवाखान्यात नेलं आहे. जिवंत आहे. पुढचं माहीत नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

मयूरी शुद्धीवर आली. सलाइन लावलं आहे. ही बातमी शिपायाने सांगितली तेव्हा मी जिन्यात खाली बसले.

प्रार्थना झाली नाही, रजिस्टर वाचलं गेलं नाही. सुखदेवजींना पोलीस घेऊन गेले होते, रात्री सोडलं. स्टाफरूममध्ये सगळे तेच म्हणतात: दारू पीत असेल, अशिक्षित लोक. मनोहरजींनी बारा वर्षांत पहिल्यांदा तिथे तोंड उघडलं. म्हणाले, “उसने जीवन में पान तक नहीं खाया.” हिंदीत. कुणी चिठ्ठी लिहिली नाही.

माझी चिठ्ठी पेटीत आहे. किल्ली मॅडमकडे.

२८ एप्रिल, शनिवार

दोन दिवस मी पेटीकडे बघत होते. कुलूप लहान आहे, केसातली पिन लागेल का, इथपर्यंत विचार गेला. मी चोर नाही. पण विचार गेला.

आज सुट्टीनंतर मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता, माझ्या नावाने. त्यात लिहिलं होतं की त्या सकाळी कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्याही शिक्षकाला काहीही सांगितलं नाही. चूक केवळ चालकाची. वाक्यं अतिशय सुरेख होती. स्वल्पविराम न् स्वल्पविराम जागेवर. संचालकांना सोमवारपर्यंत सही हवी आहे. सगळ्या शिक्षकांच्या घेणार आहेत, म्हणाल्या.

मी पेन घेतलं नाही. मग त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. माझीच. चार घड्या घातलेली.

“उतारी नहीं मैंने रजिस्टर में,” मॅडम म्हणाल्या. हिंदीत! त्यांचं हिंदी मी पहिल्यांदा ऐकलं. आमेरच्या बायका बोलतात तसं, गावाकडचं. “फाड़ दे इसे, छोरी. मैंने पढ़ी नहीं, तूने लिखी नहीं. नौकरी बच जासी. तेरी भी.”

‘भी’ का म्हणाल्या, मला कळलं नाही. त्यांना कसली काळजी, एवढं इंग्रजी येतं.

चिठ्ठी मी ब्लाऊजमध्ये ठेवली. फाडली नाही. सहीही केली नाही. दोन्हींतलं काहीच करण्याइतका धीर नव्हता.

३० एप्रिल, सोमवार

तापाचं निमित्त करून घरी राहिले. ताप नाही.

मनोहरजींचा शर्माजींच्या फोनवर निरोप आला. गुरुवारी संचालकांच्या खोलीत चौकशी. मयूरीचे वडील येणार, ठाण्यातून हवालदार येणार. सुखदेवजींचं लायसन्स जाणार आणि खटलाही होणार, हे जवळजवळ ठरलंय. सही बुधवारची सुट्टी झाल्यावर चालेल.

सुखदेवजींनी बस तपासायला हवी होती. ते खरं आहे. पण सात वाजून पाच मिनिटांनी मूमलचं ऐकलं असतं तर ती पोरगी पाच मिनिटं गरम झालेल्या बसमध्ये राहिली असती. सव्वादोन तास नाही. ते दोन तास सुखदेवजींचे नाहीत. माझे आहेत.

हे कागदावर लिहिलं की दिसतं. डायरी मिटली की पुन्हा वाटतं, कुणाला कळणार आहे?

२ मे, बुधवार

बुद्ध पौर्णिमा. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही दोघी कॉलनीतल्या विहारात गेलो. पंचशील म्हणताना आई पुढे, मी मागे. आई चौथी शिकलेली, तिचे पालीचे उच्चार सगळे तिचे स्वतःचे आहेत. दर पौर्णिमेला तसेच म्हणते. तीस घरांत कुणी तिला कधी टोकलं नाही. तिला त्यातलं प्रत्येक शील मात्र समजतं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाज बंद झाला. आईचा एकटीचा चालू राहिला. तिने वळून बघितलं.

घरी आल्यावर खीर वाढताना म्हणाली, “आता सांग. आठ दिवस झाले तू जेवून नाही राहिली.”

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी काढून बाबांसमोर ठेवली. बाबांनी ती दिव्याजवळ धरली. इंग्रजी अक्षरं ते सावकाश लावतात.

“म्हण,” बाबा म्हणाले. “त्या लेकरानं काय सांगितलं होतं?”

मी मूमलचं वाक्य म्हटलं. त्यात माझा स्वर तसाच निघाला, चूक दाखवतानाचा.

“तसं नाही वं. तुले काय समजलं, ते म्हण.”

मग म्हटलं, “एक मुलगी बसमध्येच राहिली आहे. झोपली आहे.”

आठ दिवसांत मी ते वाक्य पहिल्यांदा मराठीत म्हटलं. इतकं सोपं होतं. आई रडायला लागली.

बाबा म्हणाले, “पोरी, आमच्या फोनवर बोलणाऱ्याची परीक्षा नसते. आयकणाऱ्याची असते. काय आयकलं ते त्यानं परत म्हणून दाखवा लागते. मंगच गाडी सुटते. मास्तर बिहारी असो का मद्राशी, कसाही बोलो. मी जर त्याले म्हटलं असतं, साहेब पहिले नीट बोला, तर सत्तावीस वर्षांत किती लोकं मेले असते?”

मी विचारलं, “नोकरी जाईल ना, बाबा?”

“जाईन,” ते म्हणाले. मग खिरीची वाटी सरकवून, “भेव वाटते मलेही.” त्यांनी चिठ्ठी घडी घालून परत दिली, आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ मोरीतच होते.

मला ते ‘क्लोज्ड’ आठवलं. त्या दिवसापासून बाबा माझ्यासमोर इंग्रजीचा एकही शब्द बोललेले नाहीत. हे आज लक्षात आलं.

३ मे, गुरुवार

गेले.

संचालक, हवालदार, मयूरीचे वडील, माथुर मॅडम, कोपऱ्यात उभे सुखदेवजी. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. संचालकांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मी शेजारी माझा ठेवला. रात्री लिहिलेला, हिंदीत, हवालदाराला वाचता यावा म्हणून. त्याला चिठ्ठी टाचलेली होती. मी तो मोठ्याने वाचला. सुखदेवजी माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

संचालक शांतपणे म्हणाले, ही चिठ्ठी आज सकाळी लिहिलेली नाही कशावरून? एक तात्पुरती शिक्षिका, चार नोंदी झालेली, शाळेवर राग असणारी. ते हवालदाराकडे बघून हसले. हवालदारही हसला. मला वाटलं संपलं. खरं बोलूनही काही झालं नाही.

“रजिस्टर ले आइए, माथुर मॅडम,” संचालक म्हणाले. “पच्चीस तारीख में होगी, तो मान लेंगे.”

मॅडमनी तर उतरवलीच नव्हती. मला त्यांनीच सांगितलं होतं. त्या उठल्या, कपाटातून रजिस्टर आणलं, पान काढलं आणि संचालकांच्या पुढे न ठेवता हवालदाराच्या पुढे ठेवलं. हवालदाराने बोट ठेवून वाचलं. मग मयूरीच्या वडिलांनी. ते उठून सुखदेवजींजवळ जाऊन उभे राहिले.

संचालकांनी पान पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. मॅडमना इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? मॅडमनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आले नाहीत.

ते ओठ मी आधी पाहिले आहेत.

७ मे, सोमवार

टपालाने पत्र आलं. माझ्या सेवेची यापुढे गरज नाही. एकही चूक नाही पत्रात. बाबांनी ते देवळीत ठेवलं, जसं काही नेमणुकीचं असावं. सुखदेवजींचं लायसन्स तूर्त राहिलं आहे, चौकशी शाळेचीही होणार आहे म्हणतात. पुढे काय करायचं माहीत नाही. आई काही विचारत नाही, कॉलनीत मात्र पाण्याला उशिरा जाते, बायका पांगल्यावर. भीती गेली असं वाटलं होतं. गेली नाही, फक्त तिची जागा बदलली.

९ मे, बुधवार

सर्टिफिकिटं परत घ्यायला शाळेत गेले. फाटकात मूमल दिसली, आमेरच्या बसची वाट बघत. मला बघून थांबली. मी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिने मागे हात बांधले, नोंद घेणाऱ्या बाईसमोर बांधतात तसे. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “मॅम, पॅरट इज डेड ओन्ली.”

मी म्हटलं, “तोता मर गया? दादीवाला?”

तिने मान हलवली. मग हात सोडले, आणि सगळं सांगितलं, मांजर, पिंजरा, दादी दोन दिवस जेवली नाही ते, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी, बस येईपर्यंत.

ऑफिसात मनोहरजी होते. माथुर मॅडम शुक्रवारपासून आल्या नाहीत, म्हणाले. “छुट्टी पर हैं. लंबी छुट्टी.” पावतीसाठी सही करायची होती, तर कोरा कागद सापडेना म्हणून त्यांनी टेबलावरचं ते रजिस्टरच पुढे ओढलं, मग काही तरी आठवून थांबले आणि पंचवीस तारखेचं पान उघडून माझ्याकडे फिरवलं. स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले.

त्या दिवसाच्या बाकी नोंदी निळ्या शाईत होत्या. शेवटची काळ्या, ओळीत न मावता खाली दाटीने लिहिलेली. अक्षर मी ओळखलं. चार रेघी वहीतलं.

पहिल्या रकान्यात मूमल, तिसरी ब, सात वाजून पाच मिनिटं. दुसऱ्यात तिचं वाक्य, दोन्ही ‘ओन्ली’सकट.

तिसऱ्या रकान्यात, शुद्ध वाक्याच्या जागी, तेच वाक्य पुन्हा लिहिलं होतं. एकही शब्द न बदलता.